मथूकाकूंची पारोशी सकाळ

माझी नोकरी धडधाकट माणसांना दिवसाढवळ्या आडवं करण्याची होती. काशीतल्या एका मेडिकल कॉलेजात, शरीरक्रियाशास्त्र विभागात, मी तंत्रज्ञ होते. आजारी माणसं आमच्या वाट्याला यायचीच नाहीत. ती समोरच्या इमारतीत जायची, बरी व्हायची आणि तिथल्या सिस्टरांना पेढे देऊन जायची. आमच्याकडे यायची ती अंगात काही खोट नसलेली माणसं, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पर हमें हुआ क्या है?" काही झालेलं नाही, म्हणून तर बोलावलंय, हे समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पेढे कोणी दिले नाहीत.

काम काय होतं ते सांगते. रक्तवाहिनी म्हणजे नुसता नळ नव्हे. ती गरजेप्रमाणे सैलावते, आखडते, आणि किती सहज सैलावते यावरून तिची प्रकृती कळते. ते बघायची आमची रीत साधी होती. माणसाला उबदार खोलीत शांत निजवायचं. दंडाला रक्तदाब मोजतात तसला पट्टा बांधायचा आणि कोपराखाली पारा भरलेली रबराची बारीक नळी गुंडाळायची. पट्टा फुगवून हाताचं रक्त थोडा वेळ अडवायचं आणि मग सोडायचं. अडलेलं रक्त धावत येतं, हात केसभर फुगतो, नळी ताणली जाते आणि शेजारच्या यंत्रातली लेखणी कागदावर रेघ चढवत नेते. रेघ भराभर चढली तर रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या. ती रेंगाळली तर समजायचं, अजून आखडलेल्या आहेत.

यात यंत्र सोपं, माणूस अवघड. आधी अर्धा तास गप्प पडून राहायचं, बोलायचं नाही, चहा नाही, तंबाखू नाही, आणि काशीत सर्वांत कठीण म्हणजे पान नाही. एका आखाड्यातला पहिलवान आला होता. पट्टा फुगवल्यावर हाताला मुंग्या आल्या तर बजरंगबलीचं नाव घेत पलंगासकट उठायला निघाला. एकदा आमच्या ब्रह्मा घाटावरचे एक वेदशास्त्री आले. शांत डोळे मिटून पडले होते, पण रेघ काही स्थिर होईना. मी विचारलं, "गुरुजी, मनात काही चाललंय का?" म्हणाले, "हो. अध्याय चाललाय. मध्ये सोडता येत नाही." आम्ही अध्याय पुरा होईपर्यंत थांबलो.

हे सगळे पुरुष, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही लक्षात यायला डॉ. अंजली यावी लागली. ती बलियाकडची, एम.डी. करायला आमच्या विभागात आलेली, आवाज बारीक आणि मान ताठ. तिला प्रबंधासाठी विषय हवा होता तो हा, की निरोगी बाईच्या रक्तवाहिन्या सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सारख्याच वागतात का. हृदयाचे झटके सकाळी जास्त येतात हे डॉक्टरांना तेव्हाही ठाऊक होतं. सकाळी रक्तवाहिन्या मुळातच आखडलेल्या असतात का, हे पुरुषांवर बघत होते. बायकांचं कोणी बघत नव्हतं.

विभागप्रमुख साहेबांना ते पसंत नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना नीटनेटकं आवडायचं. "औरतों का शरीर महीने भर एक सा नहीं रहता," ते म्हणाले. "होस्टेल के लड़के ले लो, छह महीने में काम खतम." अंजली हटेना, तेव्हा त्यांनी मुदत घातली. थंडी संपेपर्यंत पुरेशा बायकांची पुरेशी मोजमापं झाली नाहीत, तर हा विषय बंद आणि होस्टेलची मुलं सुरू. अंजलीचं वर्ष त्यात गेलं असतं. घरी तिच्या लग्नाची घाई चालली होती, आणि वर्ष गेलं की शिक्षणही गेलं हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

"वासंती दीदी, औरतें कहाँ से लाएँ?" तिनं विचारलं.

नर्सिंगच्या मुली रात्रपाळीमुळे बाद. होस्टेलच्या मुलींना पाळीची तारीख विचारली की त्या लाजून दुसऱ्या दिवशी येतच नसत, आणि आम्हाला तर प्रत्येकीला महिन्याच्या ठरावीक दिवसांत मोजायचं होतं. मी मंगला गौरीच्या गल्लीत राहायची. आमच्या त्या चार-दोन गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या काशीत मुरलेली मराठी घरं. तिथे तारीख विचारायची गरजच नव्हती. कोणत्या घरात कोण कधी बाजूला बसली आहे हे दूधवाल्यालासुद्धा ठाऊक असायचं. ज्या रिवाजाचा मला आयुष्यभर राग आला, तो माझ्या नोकरीत असा कामी यावा याचं मला हसूही आलं.

पण गल्लीत शिरायचं तर मथूकाकूंच्या परवानगीनं. मथूकाकू म्हणजे ब्रह्मा घाटावरच्या एका भिक्षुकाच्या घरातल्या कर्त्या बाई. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, बोलणं फटकळ, आणि हात मात्र देता. कोणाचं बाळंतपण, कोणाच्या कार्याचा मुहूर्त, कोणाच्या मुलीनं कोणत्या रंगाची साडी नेसावी, सगळं त्यांच्या संमतीनं. मी सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तबीयत ठीक आहे, मग दवाखान्यात न्यायची कशाला?"

"ठीक असते म्हणजे कशी असते, तेच बघायचंय, काकू."

"हे बरंय तुमचं. आजारी माणसाला खाट मिळत नाही आणि धडधाकट बायकांना पलंग."

तरी त्यांनी होकार दिला, आणि पहिली पाठवली ती आपलीच सून, सुषमा. नागपूरकडची, लग्नाला सहा-सात वर्षं झालेली, मिटल्या तोंडाची. तिच्या मागे गल्लीतल्या आणखी बायका आल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला आमचं कॉलेज. टेम्पोत दाटीवाटीनं बसून दिवसातून तीनदा यायच्या आणि जायच्या. गल्लीत लगेच उठलं की मराठी बायकांना काहीतरी झालंय. सुषमाकडे तर एक शेजारीण मोसंबी घेऊन समाचाराला गेली. मथूकाकूंनी मोसंबी ठेवून घेतली आणि तिला वाटेला लावलं.

त्या बायकांना निजवणं हा मात्र माझ्या नोकरीतला सगळ्यांत गोड भाग. पुरुष पडल्या पडल्या विचारायचे, किती वेळ लागेल. या बायका आधी अवघडून काठावर बसायच्या. मग पाय वर घ्यायच्या, पदर नीट करायच्या आणि छताकडे बघत राहायच्या, चोरी करताना सापडल्यासारख्या. सुषमा दुसऱ्याच दिवशी गाढ झोपली. झोप लागलेली चालत नसे, म्हणून मी तिला हलवलं. ती दचकून उठली आणि म्हणाली, "भाजी लागली का खाली?" मग स्वतःच हसली. "ते तीन दिवस सोडले तर मी कधी अशी आडवी होत नाही हो," म्हणाली.

आता निकाल. दुपारच्या रेघा छान चढत. संध्याकाळच्याही बऱ्या. आणि सकाळच्या? एकूण एक बायकांच्या सकाळच्या रेघा मरगळलेल्या. अंजली कागदाच्या पट्ट्या टेबलावर ओळीनं मांडून नुसती बघत बसायची. तिचा अंदाज इतका स्पष्ट खरा ठरत होता की विभागप्रमुखसुद्धा दारात थांबून एकदा "हूँ" म्हणून गेले. त्यांचं "हूँ" म्हणजे इतरांचं बक्षीसच. मलाही अभिमान वाटला. आमच्या गल्लीनं विद्येच्या दरबारात नाव काढलं असं वाटून मी घरी त्या दिवशी शिरा केला.

तो कार्तिक स्नानाचा काळ होता. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पंचगंगा घाटावर बायका उजाडण्याच्या आत गंगेत बुडी मारतात. वर बांबूंच्या टोकांना आकाशदिवे लुकलुकत असतात आणि खाली पाण्यात कुडकुडत, हर हर गंगे म्हणत, गल्लीच्या गल्ली उतरलेली असते. हे मी जन्मापासून बघत आले, म्हणूनच बहुधा माझ्या डोक्यात त्याचा कॉलेजाशी काही संबंध आला नाही.

एका सकाळी सुषमाच्या हाताला नळी गुंडाळताना अंजलीनं सहज विचारलं, "हाथ इतने ठंडे क्यों हैं?"

सुषमा म्हणाली, "नदीचं पाणी थंड आहे आता."

आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं. मी विचारलं, "सुषमा, सकाळी आंघोळ न करता यायचं, असं कागदावर लिहून दिलं होतं ना?"

"हो की. चहा नाही घेतला, काही खाल्लं नाही, काम केलं नाही."

"आणि आंघोळ?"

"आंघोळ केली," ती म्हणाली, तिच्या स्वरात यत्किंचितही अपराधीपणा नव्हता. "पारोशानं कोणी घराबाहेर पडतं का?"

बाहेर बाकावर बसलेल्या इतर बायकांना विचारलं. सगळ्यांनी सगळे नियम पाळले होते, आंघोळीचा सोडून. तो आपल्यासाठी असेल असं एकीलाही वाटलं नव्हतं. चहा सोडायला सांगितला तर सोडू, उपास आम्हाला नवा नाही, पण शिकलेल्या बाईनं पारोसं यायला सांगितलं असेल, हे त्यांना खरंच वाटलं नाही. काहीतरी लिहिण्यात चुकलं असेल असं समजून त्यांनी आमची चूक पोटात घातली होती.

थंड पाणी अंगावर घेतलं की रक्तवाहिन्या आखडतात, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. कार्तिकातली गंगा म्हणजे तर विचारूच नका. अंजली खुर्चीत बसली. आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. "दीदी, यह सुबह का असर नहीं है," ती म्हणाली. "यह तो गंगा जी का असर है."

बाहेरच्या बायकांशिवाय हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. साहेबांचं "हूँ" मिळालेलं होतं. रेघा सुंदर होत्या. तिचं वर्ष, तिनं ठरवावं. तिनं पदरानं डोळे पुसले, सकाळच्या सगळ्या पट्ट्या गोळा केल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मला ती पोर त्या क्षणी फार आवडली.

आता सगळ्या सकाळी पुन्हा मोजायच्या, थंडी संपायच्या आत, आणि तेही बायका पारोशा असताना. मी सांगून पाहिलं. "कार्तिक संपू दे, मग घरी गरम पाण्यानं करून येऊ," असं म्हणाल्या. पण गरम पाण्यानं रक्तवाहिन्या उलट सैलावतात, म्हणजे तेही नको. शेवटी मी अंजलीला घेऊन मथूकाकूंकडे गेले.

मथूकाकू तांदूळ निवडत होत्या. अंजली पायरीवर बसली आणि तिनं काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: चूक काय झाली, मुदत कधीची, वर्ष गेलं तर काय होईल. मथूकाकूंचं हिंदी मराठी वळणाचं. त्या म्हणाल्या, "बेटी, गंगा जी जाना छोड़ के पारोसे में औरत उंबरा नहीं लांघती. मेरी सास ने नहीं लांघा, मैंने नहीं, बहू भी नहीं लांघेगी. आणि स्नान सूर्य उगवायच्या आत. त्यात फरक होणार नाही."

अंजलीचा चेहरा उतरला. ती पाया पडली आणि उठली. जिन्याशी पोचलो तोवर मागून हाक आली.

"वासंती, तुझं ते मशीन केवढं आहे गं?"

मी हातानं दाखवलं.

"मग त्याला येऊ दे उंबरा ओलांडून. त्यानं आंघोळ केली का, हे कोण विचारतंय." आणि मग मान खाली घालून, पुन्हा तांदळात बोटं घालत म्हणाल्या, "आधी माझ्यावर करून बघा. मग सुनांचं बोलू."

अंजलीच्या अभ्यासाला चाळिशीच्या आतल्या बायका हव्या होत्या. मथूकाकूंची रेघ तिच्या काही उपयोगाची नव्हती. मी तसं सांगायला तोंड उघडणार तोच तिनं माझा हात दाबला.

यंत्र एका हमालाच्या डोक्यावरून गल्लीत आलं. ब्रह्मा घाटाच्या वळणावर सांड आडवा बसला होता. तो उठेपर्यंत आम्ही, हमाल आणि विज्ञान, तिघंही थांबलो. मथूकाकूंनी माजघरातली खोली रिकामी करून दिली, उबेसाठी शेगडी ठेवली. वीज गेली की लेखणी जागच्या जागी थांबायची. मग वीज येईपर्यंत पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मथूकाकू उठल्या तशा, वेणीफणी न करता, त्या खोलीत आल्या. पारोशा, म्हणून भिंतीला, भांड्याला स्पर्श न करता, अंग चोरून. पलंगावर पडल्या. अंजलीनं पट्टा बांधला, मी नळी गुंडाळली, आणि नियमाप्रमाणे आम्ही गप्प बसलो. बाहेर बायका घाटाकडे उतरल्याचे आवाज येत होते. काकूंचे डोळे उघडे होते. थोड्या वेळानं त्यांच्या कानशिलावरून पाणी ओघळलं. बोलायचं नाही हा नियम त्यांनी मोडला नाही. मोजमाप झाल्यावर अंजलीनं रेघ त्यांना दाखवली, कुठून चढली, कुठे पोचली, सगळं समजावलं, जसं साहेबांना समजावत असे.

काकूंनी रेघेवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, "नवव्या वर्षी लग्न झालं माझं, वासंती. तेव्हापासून जाग आली की उभी. जाग आल्यावर पडून राहिलं की अंगाला असं वाटतं, हे मला ठाऊकच नव्हतं." आणि घागर उचलून घाटावर गेल्या. सूर्य उगवायला अजून वेळ होता.

मग सुषमा आली, मग बाकीच्या. रोज एक-दोघी रात्रीच मथूकाकूंकडे मुक्कामाला यायच्या, पहाटे उठल्या तशा माजघरात निजायच्या आणि तिथून सरळ गंगेत. कार्तिक मोडला नाही, घाटाखेरीज कुठे जायला उंबरा कोणी पारोशानं ओलांडला नाही. मोसंबी घेऊन आलेली ती शेजारची पंजाबी मामी, तीही एकदा येऊन विचारून गेली, "हमारा भी देख लेंगे?"

थंडी संपायच्या आत काम झालं. सकाळच्या रेघा खरोखरच दुपारपेक्षा मंद निघाल्या. गंगेतून आल्यावर निघायच्या तितक्या नव्हे, पण निश्चित मंद. अंजलीचा अंदाज खरा होता, नुसता थोडा बेताचा. तिनं तेवढाच मांडला. प्रबंध मान्य झाला, साहेबांनी या वेळी "अच्छा" म्हटलं. प्रबंधात बायकांची नावं नव्हती, नुसते क्रमांक. तशीच पद्धत आहे, पण मला ते तेव्हा लागलं आणि अजूनही लागतं.

जाण्याआधी अंजली गल्लीत आली. मथूकाकूंच्या माजघरात सगळ्या जमल्या. तिनं सोप्या हिंदीत सांगितलं, की झोपेतून उठल्या उठल्या नसा पूर्ण उघडलेल्या नसतात, हळूहळू उघडतात. इतकंच निघालंय. यावरून काय करावं, काय करू नये, हे अजून कोणाला ठाऊक नाही.

"ठाऊक कसं नाही," मथूकाकू म्हणाल्या. "नसा उघडल्याशिवाय बाईनं चुलीला हात लावायचा नाही."

"काकी, मैंने ऐसा नहीं कहा," अंजली घाईघाईनं म्हणाली.

"तू नको म्हणू. मी म्हणते आहे." त्यांनी सुषमाकडे पाहिलं. सुषमा खाली बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

अंजलीचं पुढे शिक्षण झालं, लग्नही झालं, तिच्या मनाप्रमाणे आणि तिच्या वेळेला. मथूकाकू गेल्या. मी निवृत्त झाले, आमचं यंत्र भंगारात निघालं.

मागच्या वर्षी सुषमाच्या मुलाचं लग्न झालं. सून इंदूरची, बँकेत नोकरी करणारी. मी देवदर्शनाला निघाले होते, तर वाटेत सकाळीच त्यांच्याकडे डोकावले. दार उघडं होतं. माजघराच्या बाजूला पलंगावर नवी सून डोळे उघडे ठेवून स्वस्थ पडली होती. स्वयंपाकघरात काही हालचाल नव्हती. आतल्या खोलीत सुषमाही पडलेली दिसली. मला वाटलं, घरात दुखणंबिखणं आलंय. मी नव्या सुनेला विचारलं, "काय गं, तबीयत बरी नाही का?"

ती उठली नाही. नुसती हसली आणि हळू आवाजात म्हणाली, "नाही मावशी, एकदम ठीक आहे. आमच्याकडे असंच असतं. बायकांनी उठल्यावर थोडा वेळ पडून राहायचं, मग काम. क्यों आहे ते मला नाही माहीत. पण आमच्या घरात फार जुनी पद्धत आहे."